भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यामागचा माणूस

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : औषध दुकानांतील आणि शासकीय रुग्णालयांतील फार्मासिस्टचे वेतन, कामाचे तास व सेवाशर्ती यांबाबत.

महोदय,

किरकोळ औषधविक्रीचा परवाना देताना आपला विभाग अर्जदाराकडून प्रामुख्याने तीन गोष्टींची खातरजमा करून घेतो : दुकानाची जागा किमान दहा चौरस मीटर आहे की नाही, थंड जागी ठेवायच्या औषधांसाठी शीतकपाट आहे की नाही, आणि दुकानाशी एका नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव जोडलेले आहे की नाही. जागा मोजता येते आणि शीतकपाट डोळ्यांनी पाहता येते. फार्मासिस्ट मात्र बहुतेक वेळा कागदावरच तपासला जातो. तो दुकानात किती तास उभा असतो, त्याला महिन्याकाठी काय मिळते, ते बँकेतून मिळते की हातात, त्याला आठवड्याची सुट्टी आहे का, हे प्रश्न परवान्याच्या कोणत्याही नमुन्यात विचारलेले नाहीत. राज्यातील फार्मसी व्यवसायाची आज जी अवस्था झाली आहे तिचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नांत आहे, आणि त्यांतील बहुतेक प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्यशासनाकडे आहे, एवढेच या पत्राचे म्हणणे आहे.

कायद्याने फार्मासिस्टकडून जे मागितले आहे ते थोडे नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने १९३०-३१ मध्ये देशातील औषधव्यवहाराची पाहणी केली, तेव्हा औषध बनवून देणारा माणूस म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेला कंपाउंडर होता आणि त्याच्या शिक्षणावर वा कामावर कोणाचेही नियंत्रण नव्हते. या समितीच्या शिफारशींतून पुढे १९४० चा औषधे अधिनियम आणि १९४८ चा फार्मसी अधिनियम असे दोन कायदे आले. पहिल्याने औषध या वस्तूवर नियंत्रण आणले, दुसऱ्याने ते हाताळणाऱ्या व्यक्तीवर. फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करण्याचा किंवा देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज इतर कोणालाही नाही, आणि २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने या कलमाच्या भंगासाठी असलेली दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपयांवरून दोन लाखांवर नेली आहे. १९४५ च्या औषध नियमांतील नियम ६५ नुसार चिठ्ठीवरचे औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. फार्मसी व्यवसाय विनियम, २०१५ यांनी त्यापुढे जाऊन रुग्णाचे समुपदेशन, म्हणजे औषध कसे, केव्हा व किती दिवस घ्यायचे आणि कशासोबत घ्यायचे नाही हे समजावून सांगणे, हेही त्याचे कर्तव्य ठरवले. याशिवाय अनुसूची एच-१ मध्ये घातलेली प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही डॉक्टरच्या व रुग्णाच्या नावासह ठेवून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे.

इतक्या जबाबदाऱ्या ज्याच्यावर टाकल्या, त्याच्या कामाच्या तासांचा हिशेब मात्र कोणत्याच कायद्याने केला नाही. तालुक्याच्या ठिकाणी एखादे औषध दुकान सकाळी नऊला उघडून रात्री दहाला बंद होते असे धरले, तर दिवसाचे तेरा आणि आठवड्याचे ९१ तास होतात. चिठ्ठीवरची विक्री या सर्व तासांत चालू असते आणि नियम ६५ ची देखरेखही या सर्व तासांत अपेक्षित असते. कामगार कायद्यांनी मान्य केलेला आठवडा ४८ तासांचा आहे, म्हणजे असे एक दुकान कायद्याप्रमाणे चालवायचे तर जवळजवळ दोन फार्मासिस्ट लागतात, आणि आजारपण, सणवार, प्रसूती यांचा विचार केला तर दोनही पुरत नाहीत. परवान्यावर मात्र बहुधा एकच नाव असते. याचा अर्थ असा की नियमांचे अक्षरशः पालन करणारा फार्मासिस्ट आठवड्याला ९१ तास राबला पाहिजे, किंवा तो दुकानात नसताना होणारी प्रत्येक विक्री बेकायदा ठरली पाहिजे. ही विसंगती काही कोणा दुकानदाराने निर्माण केलेली नाही. ती नियमांच्या रचनेतच आहे आणि तिच्याकडे इतकी वर्षे डोळेझाक झाली आहे.

कामगार कायद्यांचे छत्रही या माणसावर पुरते येत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि रजा यांविषयीच्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आखल्या गेल्या, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. औषध दुकानात मालक, एक फार्मासिस्ट आणि दोन-तीन मदतनीस एवढीच माणसे असतात, त्यामुळे राज्यातील बहुसंख्य औषध दुकाने या तरतुदींच्या बाहेरच राहतात. किमान वेतन तेवढे लागू होते. परंतु दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या अनुसूचीत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल एवढीच वर्गवारी असल्यामुळे वैधानिक नोंदणी असलेला, चुकीसाठी व्यक्तिशः जबाबदार धरला जाणारा फार्मासिस्ट इतर कुशल कामगारांच्याच ओळीत बसतो. दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेऊन आलेल्या तरुणाला शहरातल्या दुकानातसुद्धा बारा-पंधरा हजारांवर सुरुवात करावी लागते, आणि गावाकडे त्याहून कमी रकमेची बोली होते, हे या व्यवसायातील कोणालाही नव्याने सांगावे लागणार नाही.

वेतन इतके खाली का राहते, याचे एक कारण उघड गुपित आहे. प्रमाणपत्र भाड्याने देण्याची पद्धत, किंवा दुकानदारांच्या भाषेत ‘सर्टिफिकेट लावणे’, ही राज्यात दशकानुदशके चालत आली आहे. फार्मासिस्ट महिन्याला काही हजार रुपये घेऊन आपले नोंदणी प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर टांगू देतो, स्वतः दुसरीकडे नोकरी करतो किंवा शेती पाहतो, आणि गल्ल्यामागे चिठ्ठी वाचण्याचे काम सरावाने शिकलेला मदतनीस करतो. या व्यवहाराची नैतिक निंदा पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्याचे अर्थकारण क्वचितच मांडले जाते. ज्या बाजारात फार्मासिस्टचे नाव काही हजारांत मिळते, त्या बाजारात त्याच्या प्रत्यक्ष हजेरीला वीस-पंचवीस हजार द्यायला कोणीही तयार होत नाही. प्रमाणपत्राचे भाडे हा हजर राहणाऱ्या प्रामाणिक फार्मासिस्टच्या पगाराचा छुपा तळ होऊन बसतो, आणि जो तरुण दिवसभर उभा राहून काम करू इच्छितो त्याला घरी बसून भाडे घेणाऱ्याशी स्पर्धा करावी लागते. त्यात आणखी एक अडचण अशी की मूळ प्रमाणपत्र दुकानात लावलेले आणि परवान्यावर नाव नोंदलेले असल्यामुळे नोकरी सोडू पाहणाऱ्या फार्मासिस्टची कोंडी करणे सोपे जाते. पात्र कर्मचाऱ्यातील बदल एका महिन्याच्या आत कळवण्याची अट परवान्यात आहे, पण ती मालकावर आहे. मालकाने कळवायला टाळाटाळ केली, तर फार्मासिस्टचे नाव जुन्या दुकानाला अडकून राहते आणि नव्या दुकानाचा अर्ज थांबतो. थकलेला पगार सोडून देण्याच्या बदल्यात नाव मोकळे करून घेणारे तरुण या व्यवसायात आहेत.

दुसरे कारण महाविद्यालयांच्या संख्येत आहे. भारतीय फार्मसी परिषदेने २०१९ मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती घातली होती. मूलभूत हक्कावर असे निर्बंध केवळ ठरावाने घालता येत नाहीत, त्यासाठी कायदा लागतो, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती रद्द ठरवली. त्यानंतर राज्यात पदविका आणि पदवीच्या महाविद्यालयांची जी रीघ लागली ती तालुक्या-तालुक्याला दिसते. या महाविद्यालयांत येणारी मुले बव्हंशी शेतकरी, शिक्षक आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या घरची आहेत. डॉक्टर होणे जमले नाही तरी आरोग्यक्षेत्रात मानाची नोकरी मिळेल, नाहीतर निदान स्वतःचे ‘मेडिकल’ टाकता येईल, या आशेने पालक शुल्क भरतात. पदविकेनंतर नोंदणीपूर्वी निर्गम परीक्षा, म्हणजे शिकलेले प्रत्यक्षात किती उतरले याची देशपातळीवरची चाचणी, द्यावी लागेल असे २०२२ च्या विनियमांनी ठरवले. गुणवत्तेच्या दृष्टीने ही चाचणी आवश्यकच आहे. तथापि परीक्षेची चाळणी एका टोकाला लावायची आणि दुसऱ्या टोकाला उत्तीर्ण झालेल्याला प्रमाणपत्राच्या भाड्याशी स्पर्धा करायला सोडायचे, यातून गुणवत्ता टिकत नाही. गोव्यातील वेर्णे आणि राज्यातील तारापूर, वाळूज, कुरकुंभ येथील औषध कारखाने पदवीधरांना गुणवत्ता-नियंत्रणाच्या आणि उत्पादनाच्या नोकऱ्या देतात, पुण्या-मुंबईतील कार्यालयांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचे काम मिळते, काही जण वैद्यकीय प्रतिनिधी होतात आणि काही आखातात जाण्याच्या परीक्षा देतात. पदविकाधारकासमोर मात्र दुकान किंवा रुग्णालयाचे औषध भांडार याखेरीज फारसे काही उरत नाही.

येथे कोणी असे विचारील की, छापील खोक्यातून गोळ्यांची पट्टी काढून देण्याच्या कामात एवढे शिक्षण आणि एवढा पगार कशासाठी. या प्रश्नाचे उत्तर एका गोळीवरून देता येते. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवाताच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चिठ्ठीवरचे अक्षर नीट वाचले गेले नाही किंवा पाकिटावर सवयीने ‘रोज एक’ असे लिहिले गेले, तर तेच औषध रोज पोटात जाते, तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती मंदावते आणि रुग्णाचा जीव जाऊ शकतो. प्रशिक्षित फार्मासिस्ट हे नाव दिसताच थांबतो, वार कोणता ते विचारतो, तो वार पाकिटावर लिहितो, फॉलिक ॲसिडची गोळी सोबत दिली आहे का ते पाहतो आणि शंका राहिली तर डॉक्टरला फोन लावतो. या सगळ्याला चार-पाच मिनिटे लागतात. तेरा तास उभा असलेला, समोर दहा गिऱ्हाइकांची रांग असलेला आणि बिल लवकर करण्याचा आग्रह सोसणारा माणूस ती चार-पाच मिनिटे कोठून आणणार, आणि जो दुकानात नाहीच तो तर ती देणार कशी?

ऑक्टोबर २०२५ मधील कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाचे प्रकरण अद्याप ताजे आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील लहान मुलांची मूत्रपिंडे हे औषध घेतल्यानंतर निकामी झाली, त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले आणि कित्येक दगावली. तामिळनाडूत बनलेल्या या औषधाच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक ४८.६ टक्के इतके आढळले. आपल्या विभागाने त्या वेळी या बॅचची विक्री व वापर तात्काळ थांबवण्याचे आवाहन केले, ते योग्यच होते. परंतु असे आवाहन प्रत्यक्षात अंमलात आणायचे म्हणजे कोणीतरी कपाटापुढे उभे राहून एकेका बाटलीवरचा बॅच क्रमांक वाचायचा, जुळलेल्या बाटल्या बाजूला काढून त्यांची नोंद करायची, आणि विक्रीची बिले उलटून त्या औषधाची बाटली कोणाच्या घरी गेली आहे याचा शोध घ्यायचा. ज्या दुकानात फार्मासिस्टचे केवळ प्रमाणपत्र आहे तेथे हे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

दुकानदाराची बाजूही येथे मांडणे न्यायाचे होईल, कारण तिच्याकडे दुर्लक्ष करून कोणतीही सुधारणा टिकणार नाही. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवते त्यांवर किरकोळ विक्रेत्यासाठी त्याच्या खरेदी किमतीच्या १६ टक्के नफा धरलेला आहे, आणि इतर औषधांवर व्यापारातील रूढ नफा २० टक्के आहे. दिवसाला सहा हजारांची विक्री करणाऱ्या दुकानाची महिन्याची उलाढाल १,८०,००० रुपये धरली, तर ठोकळ मानाने त्याच्या हाती २५ ते ३६ हजार रुपये राहतात, ज्यातून भाडे, वीज, मदतनीस आणि मुदत संपलेला माल यांचा खर्च भागवायचा असतो. त्यातच साखळी दुकाने आणि मोबाइलवरून औषधे घरपोच देणाऱ्या कंपन्या यांच्या चढाओढीत गिऱ्हाइकाला सरसकट दहा टक्के सूट देण्याची रीत पडली आहे. या दुकानाच्या बाबतीत ती सूट महिन्याला १८,००० रुपये होते, म्हणजे जवळजवळ एका फार्मासिस्टचा पगार. ग्राहकाला बिलावर जी बचत दिसते ती बऱ्याच अंशी त्याला चुकीच्या औषधापासून वाचवू शकणाऱ्या माणसाच्या वेतनातून काढलेली असते, हे त्याला कधी कोणी सांगत नाही. ब्रिटनसारख्या देशात औषध देण्याच्या प्रत्येक कृतीसाठी दुकानाला सार्वजनिक निधीतून वेगळे शुल्क मिळते, त्यामुळे फार्मासिस्टचे ज्ञान गोळ्यांच्या नफ्यावर अवलंबून राहत नाही. भारतात तो विचार रुजलेलाच नाही. जनऔषधी केंद्रांना २० टक्के नफ्याखेरीज खरेदीच्या प्रमाणात महिन्याला २०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन दिले जाते, त्यावरून सार्वजनिक पैसा औषध दुकानाला देता येतो एवढे तरी सिद्ध होते; मात्र ते प्रोत्साहन मालाच्या खरेदीवर आहे, फार्मासिस्टच्या हजेरीवर नाही.

खासगी दुकानदाराकडून न्याय्य वेतनाची अपेक्षा करणाऱ्या शासनाचे स्वतःचे वर्तन कसे आहे, हेही पाहिले पाहिजे. जिल्हा परिषदेच्या सेवेत औषध निर्माण अधिकारी या नावाने नियमित नेमणूक झालेल्या फार्मासिस्टला सातव्या वेतन आयोगाची एस-१० ही श्रेणी, म्हणजे २९,२०० रुपये मूळ वेतन आणि त्यावर भत्ते, मिळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जिल्हावार जाहिरातींत मात्र फार्मासिस्टच्या कंत्राटी पदासमोर १७,००० रुपये हा एकत्रित मानधनाचा आकडा वर्षानुवर्षे दिसत आला आहे. दोघांची अर्हता एक आणि नोंदणी एक. साठ्याची ई-औषधी प्रणालीत नोंद करणे, मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढणे, बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेला औषध देणे ही कामेही एकच. समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात २०१६ मध्ये स्पष्ट केले आहे. दहा वर्षे सेवा झालेल्या अभियानाच्या कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावे लागले. आरोग्य खाते आपल्याकडे नाही हे खरे. पण फार्मसी परिषदेच्या त्याच नोंदवहीतला माणूस शासनाच्या एका दारात निम्म्याने मोजला जात असेल, तर दुसऱ्या दारातून दुकानदाराला नियम शिकवताना शासनाचा आवाज क्षीण होतो.

आपल्या विभागाने हा प्रश्न कधी हाती घेतलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे आणि चिठ्ठीवरचे औषध बिलासह दिले पाहिजे याचा आग्रह धरला गेला, परवाने निलंबित झाले, औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी बंद पुकारले, आणि काही काळ राज्यातील दुकानांत फार्मासिस्ट खरोखरच दिसू लागले. ती मोहीम ओसरल्यावर जुनी रीत हळूहळू परतली. असे का झाले याचा विचार केला तर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की माशेलकर समितीने २००३ मध्ये दोनशे औषध दुकानांमागे एक औषध निरीक्षक असावा असे सुचवले होते आणि त्या प्रमाणाच्या जवळपासही राज्य गेले नाही, त्यामुळे तपासणीचा जोर एका आयुक्ताच्या उमेदीवर अवलंबून राहिला. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, अशी की मोहिमेने फार्मासिस्टला हजर राहायला भाग पाडले, पण हजर राहणे त्याला परवडेल अशी व्यवस्था केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधील एका प्रकरणात नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले आहे की नोंदणीकृत फार्मासिस्टविना औषध दुकाने चालू न देणे ही राज्यशासनाची व फार्मसी परिषदेची जबाबदारी आहे. ती केवळ छाप्यांनी पार पडणार नाही, हे महाराष्ट्राने अनुभवाने जाणले आहे.

औषध नियम केंद्राचे आहेत आणि त्यांत दुरुस्ती करणे राज्याच्या हाती नाही, ही मर्यादा मान्य करूनही बरेच काही करता येते. परवान्यासाठी दिलेले फार्मासिस्टचे नाव खरे आहे याचा पुरावा मागणे हे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे कामच आहे, आणि तारीख, कामाचे तास व वेतन लिहिलेले नियुक्तीपत्र आणि त्या वेतनाची बँकेतील नोंद याहून साधा पुरावा दुसरा नाही. संगणकीय प्रणालीत फार्मासिस्टला स्वतःचे खाते द्यावे आणि त्याने राजीनामा नोंदवताच ठरावीक दिवसांत त्याचे नाव मोकळे व्हावे. मग मूळ प्रमाणपत्र अडकवून ठेवण्यात कोणाचाच लाभ उरणार नाही. बारा-तेरा तास उघड्या राहणाऱ्या दुकानाला दुसऱ्या, अर्धवेळ फार्मासिस्टचे नाव नोंदवू द्यावे, आणि ज्या लहान दुकानाला तेही झेपत नाही त्याने चिठ्ठीवरच्या विक्रीचे तास जाहीर करून त्या तासांतच ती करावी. रात्री उशिरा फार्मासिस्टविना दिलेल्या प्रतिजैविकापेक्षा हे रुग्णाच्या अधिक हिताचे आहे. किमान वेतनाच्या अधिसूचना काढणे हा राज्याचा अधिकार आहे. आपण कामगार मंत्र्यांशी बोलून औषध दुकाने व रुग्णालयांतील नोंदणीकृत फार्मासिस्ट हा स्वतंत्र वर्ग त्यांत घालून घेतला, तर प्रमाणपत्राच्या भाड्याने ठरणारा पगाराचा तळ पहिल्यांदाच कायद्याने वर उचलला जाईल. त्यापायी काही दुकाने बंद पडतील ही भीती निराधार नाही. म्हणूनच दुर्गम तालुक्यांतील एकाकी दुकानांना फार्मासिस्टच्या नोंदवलेल्या हजेरीशी जोडलेले साहाय्य देण्याचा विचार त्याच वेळी करावा लागेल.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर औषधविक्रीचा परवाना कायमस्वरूपी झाला आहे आणि तो चालू ठेवण्यासाठी दर पाच वर्षांनी शुल्क भरावे लागते. राज्यातील प्रत्येक दुकान या निमित्ताने एकदा तरी आपल्या विभागासमोर येतेच. त्या शुल्कासोबत फार्मासिस्टचे नियुक्तीपत्र आणि मागील बारा महिन्यांच्या वेतनाचा बँक उतारा जोडणे सक्तीचे करावे, त्यासाठी केंद्राची संमती लागत असेल तर ती मागावी, आणि पहिल्या वर्षी निदान एका जिल्ह्यात ही पद्धत राबवून किती दुकाने हा उतारा देऊ शकली आणि किती नाही ते विधिमंडळासमोर ठेवावे, अशी या पत्राद्वारे विनंती आहे.